सोफिया गुबाइदुलिना आणि ऑर्गनमधला क्रूस

मंडळाच्या गेल्या बैठकीत 'कवितेतलं प्रतीक' या विषयावर चर्चा चालली होती. शेवटी एका ज्युनिअरने विचारलं, "पण शब्दच नसतील तर प्रतीक कशाचं करणार?" वेळ संपली होती, सगळ्यांना चहाची घाई होती, त्यामुळे प्रश्न तिथेच राहिला. मी त्याला म्हटलं, "पुढच्या अंकात लिहून सांगते." म्हणून हा लेख.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आधीच छळत होता. दोन वर्षांपूर्वी माझी आजी गेली. आम्ही बेळगावचे कॅथलिक. घरात मराठी, नातेवाइकांत कोंकणी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्रजी. अंत्यविधीच्या मिस्साच्या आदल्या रात्री घरात वाद झाला की वाचनं कुठल्या भाषेत करायची. गोव्याहून आलेल्या काकांना कोंकणी हवी होती, चुलत भावंडांना इंग्रजी. आजी रोझरी मराठीत म्हणायची, पण ते सांगायला ती नव्हती. शेवटी वाटणी झाली: एक वाचन इंग्रजीत, एक कोंकणीत आणि मराठीला एक गीत. मी क्वायरमध्ये कीबोर्ड वाजवते. दुसऱ्या दिवशी वाजवताना मला इतका राग आला होता की मी कुणाकडे बघितलंच नाही.

त्यानंतर काही दिवस मी शब्द नसलेलं संगीत शोधत होते. यूट्यूबवर एका रात्री एक रचना सापडली: चेलो आणि ऑर्गन, रचनाकार सोफिया गुबाइदुलिना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्ध्यातच बंद केलं. सरळ सांगते, कानाला त्रास झाला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, आणि मग या बाईंबद्दल मिळेल ते वाचत सुटले. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी 'ऑर्गन' या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक, संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन. बालगंधर्वांची गाणी ऐकताना मागे जो भरलेला, लांबत जाणारा सूर असतो, तो त्याचा. दुसरी, चर्चमधला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, ज्याच्यावर 'चर्च ऑर्गन' नावाचं बटण असतं. दर रविवारी मी तेच दाबते. मी सांगणार आहे तो ऑर्गन मात्र या दोन्हींचा मोठा भाऊ आहे: पाइप ऑर्गन.

आपल्या पेटीत आणि नाटकातल्या ऑर्गनमध्ये हवा पितळेच्या पातळ जिभेवरून जाते, ती जीभ थरथरते आणि सूर निघतो. पाइप ऑर्गनमधल्या बहुतेक नळ्या मात्र बासरीसारख्या किंवा शिट्टीसारख्या वाजतात. प्रत्येक सुराला वेगळी नळी, त्यामुळे मोठ्या ऑर्गनमध्ये नळ्यांची संख्या हजारोंत जाते. नळी लांब तितका सूर खालचा; लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली उतरतो. खर्जाची नळी ८ फुटांची, त्याखालची १६ फुटांची, आणि फार मोठ्या वाद्यात ३२ फुटांचीसुद्धा असते. सर्वांत लहान नळी आपल्या बोटापेक्षाही लहान. वाजवणाऱ्यासमोर दोन, तीन किंवा त्याहून जास्त कीबोर्ड एकावर एक, पायाखाली पेडलांचा वेगळा कीबोर्ड, आणि दोन्ही बाजूंना ओढायच्या मुठी. या मुठींना स्टॉप म्हणतात. कुठल्या नळ्यांना हवा मिळेल ते त्या ठरवतात.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. पहिली: पियानोचा सूर वाजल्याक्षणापासून विरत जातो, पण ऑर्गनचा सूर पट्टी दाबून ठेवाल तोवर तसाच राहतो. दुसरी: या एकाच वाद्यात वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत इतकं अंतर आहे की त्यात एखादी गोष्ट वरून खाली उतरते आहे असं कानाला खरंच वाटू शकतं.

आता गुबाइदुलिनांबद्दल. जन्म २४ ऑक्टोबर १९३१, चिस्तोपोल, तेव्हाच्या सोव्हिएत संघातला तातार प्रदेश. वडील तातार, आई रशियन. वडिलांचे वडील मुल्ला होते. बालपण काझान शहरात गेलं. घरात धर्माचं नाव नव्हतं, तो काळच तसा होता. लहान असताना एका खेड्यातल्या घरात त्यांनी ख्रिस्ताची प्रतिमा पाहिली आणि त्या तिच्याकडे ओढल्या गेल्या. हे लक्षात आल्यावर आईवडील घाबरले. तेव्हापासून ही गोष्ट मनातच ठेवायची असते, हे त्या मुलीला कळलं. काझानच्या कन्झर्व्हेटरीत शिकून त्या मॉस्कोला गेल्या. तिथे परीक्षेच्या वेळी शोस्ताकोविच यांनी त्यांना सांगितलं की लोक ज्याला चुकीची वाट म्हणतात त्या तुझ्या वाटेनेच पुढे जा. १९७० मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.

पोट कसं भरायचं? बऱ्याच सोव्हिएत संगीतकारांसारखं त्यांनीही सिनेमाला संगीत दिलं. १९६७ ते १९७१ या काळात तयार झालेल्या 'माउग्ली' या रशियन कार्टूनपटांचं संगीत त्यांचं आहे. माउग्ली म्हणजे आपला मोगली! किपलिंगच्या गोष्टीतलं ते जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. म्हणजे सिवनीच्या लांडग्यांना रशियन मुलांपर्यंत नेणाऱ्या सुरांत आणि मी रात्री ऐकलेल्या त्या क्रूसाच्या रचनेत एकच हात आहे. हे कळलं तेव्हा मला उगाच ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

इथे एक गोष्ट मला आधी कळलीच नाही. त्या ऑर्थोडॉक्स होत्या, मग ऑर्गन कुठून आला? कारण रशियन ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्य वाजवत नाहीत. तिथे फक्त माणसाचा आवाज चालतो. आमच्या कॅथलिक चर्चमध्ये ऑर्गन म्हणजे घरचं वाद्य, त्यांच्या चर्चमध्ये त्याला जागाच नाही. रशियात ऑर्गन आहे तो मुख्यतः संगीत सभागृहात. मॉस्को कन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात फ्रान्सच्या काव्हाये-कोल यांनी बांधलेला ऑर्गन १९०१ पासून आहे. सोव्हिएत काळात रीगाचं मोठं कॅथेड्रलसुद्धा मैफलींचं सभागृह झालं होतं. लोक तिथे तिकीट काढून ऑर्गन ऐकायला जायचे.

म्हणजे बघा, ऑर्थोडॉक्स चर्चला ऑर्गन नको होता, आणि सरकारच्या दृष्टीने तो मैफलीचं एक वाद्य होता, देवाधर्माचं नव्हे. धर्मावर शब्दांत लिहायला बंदी, गायला बंदी. पण ऑर्गनला शब्द नव्हते आणि तो वाजायला हरकत नव्हती. माझी समजूत अशी की या वाद्याच्या रूपाने गुबाइदुलिनांना एक मोकळी खोली मिळाली, जिच्यावर चर्चचाही हक्क नव्हता आणि सरकारचाही. सत्तरच्या दशकात त्या या खोलीत पुन्हापुन्हा गेल्या: १९७६ मध्ये एकट्या ऑर्गनसाठी, १९७८ मध्ये 'देत्तो १' ही ऑर्गन आणि तालवाद्यांची सोनाटा, १९७९ मध्ये ऑर्गन आणि चेलो.

१९७६ ची रचना आहे 'उजेड आणि अंधार'. जर्मन नावाने ती 'हेल उंड डुंकेल' म्हणून सापडेल. नावात जे आहे तेच आत आहे. एकीकडे वरच्या सप्तकांतले हलके, चपळ, चमकणारे सूर. दुसरीकडे खालचे, जाड, एकमेकांना चिकटलेले सूर. पेटीवर बोटांऐवजी अख्खा तळहात ठेवला तर जे होईल तसे. याला क्लस्टर म्हणतात. आपल्या कानाला ते 'चुकलं' असं वाटतं, कारण आपल्याला षड्जाचा आधार लागतो. पण इथे तो अंधार असा एकसंधच असायला हवा. अंधारात वेगवेगळ्या वस्तू कुठे दिसतात? आता ऑर्गनची ती पहिली गोष्ट आठवा: सूर विरत नाही. त्यामुळे अंधार आपोआप ओसरत नाही, वाजवणाऱ्याने हात उचलला तरच ओसरतो.

आणि आता मी ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ती रचना: 'इन क्रोचे', १९७९. पहिल्यांदा वाजली काझानमध्ये, त्यांच्या बालपणाच्या शहरात. चेलोवर व्लादिमीर तोंखा, ऑर्गनवर रुबिन अब्दुल्लिन. नावाचा एक अर्थ 'क्रूसावर', दुसरा 'फुलीसारखं, आडवं-तिडवं'. कुणी विचारलंच तर दुसरा अर्थ सांगता येतो.

एक कागद घ्या. डावीकडे वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली एक रेघ काढा. हा ऑर्गन. आता डावीकडे खालच्या कोपऱ्यातून उजवीकडे वर दुसरी रेघ काढा. हा चेलो. झाली फुली. ही रचना ढोबळमानाने अशी आहे. सुरुवातीला ऑर्गन अगदी वर, उजळ, थरथरत्या सुरांत असतो. चेलो तळाशी असतो, एकाच सुराभोवती घुटमळत, अर्ध्या-अर्ध्या पावलाने इकडेतिकडे सरकत, जणू चिखलातून पाय उचलतोय. मग हळूहळू ऑर्गन खाली उतरू लागतो आणि चेलो वर चढू लागतो. दोघं मध्ये भेटतात. ही भेट गोड नाही. तिथे आदळआपट आहे, ऑर्गनचे क्लस्टर आहेत, चेलो ओरडतो. मी पहिल्यांदा बंद केलं ते नेमकं इथेच. त्यानंतर दोघं एकमेकांना ओलांडून जातात. शेवटी चेलो कुठेतरी फार वर, पातळ आवाजात असतो, आणि ऑर्गन खाली गेलेला.

आता त्या ज्युनिअरच्या प्रश्नाचं उत्तर. कवितेत 'क्रूस' हा शब्द आला की आपण त्याला प्रतीक म्हणतो, कारण शब्द एका वस्तूकडे बोट दाखवतो आणि ती वस्तू आणखी कशाकडे तरी. 'इन क्रोचे'त बोट दाखवणं नाही. तिथे क्रूस घडतो. वरचं खाली येतं, खालचं वर जातं, आणि मधल्या बिंदूवर दोघांना त्रास होतो. ही घटना ऐकणाऱ्याला नाव माहीत नसलं तरी कानाने अनुभवता येते. वर्गात आपण आकृतिबंध हा शब्द वापरतो, बहुतेक वेळा परीक्षेपुरता. मला तो शब्द या रचनेने शिकवला. इथे आकृतिबंध हाच आशय आहे, त्यात दुसरं काही भरलेलं नाही.

गुबाइदुलिनांची स्वतःची एक मांडणी यासोबत ठेवायला हवी. 'रिलिजन' या शब्दाकडे त्या 'पुन्हा जोडणं' अशा अर्थाने पाहत. संगीतात लेगाटो म्हणजे सूर न तोडता एकातून दुसऱ्यात जाणं, आणि स्टाकाटो म्हणजे तुटक. त्यांच्या मते रोजचं आयुष्य माणसाचे तुकडे करतं, त्याला स्टाकाटो करून टाकतं; ते पुन्हा लेगाटो करणं हे संगीताचं सर्वांत गंभीर काम. हे वाचलं आणि ऑर्गन का, ते मला जास्त कळलं. सूर धरून ठेवणारं याहून मोठं वाद्य कुठे आहे?

हे सगळं त्यांना फुकट मिळालं नाही. ज्या १९७९ मध्ये 'इन क्रोचे' वाजली त्याच वर्षी संगीतकार संघाच्या अधिवेशनात संघाचे प्रमुख तिखोन ख्रेन्निकोव्ह यांनी सात संगीतकारांवर जाहीर टीका केली. कारण त्यांचं संगीत परवानगीशिवाय पश्चिमेकडच्या महोत्सवांत वाजलं होतं. त्या सातांत गुबाइदुलिना होत्या. १९८२ मध्ये त्यांनी चेलो, बायान आणि तंतुवाद्यांसाठी रचना केली, ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर. ती सोव्हिएत संघात छापली गेली तेव्हा नाव होतं फक्त 'पार्तिता'. तेच सूर, पण नाव काढून घेतलेलं. शब्दांना किती घाबरायचे लोक!

बायान म्हणजे रशियन बटणांचा अकॉर्डियन. भाता आणि धातूच्या जिभा, अगदी आपल्या पेटीच्या कुळातला. पुढे 'इन क्रोचे'ची चेलो आणि बायान अशी आवृत्तीही झाली. जमलं तर तीही ऐका. मोठ्या ऑर्गनमध्ये जे दैवी, लांबचं वाटतं ते बायानमध्ये जवळ येतं, भाता ओढतानाचा श्वास ऐकू येतो. मला तर संगीत नाटकातल्या ऑर्गनची आठवण झाली.

१९९२ मध्ये त्या जर्मनीत हँबुर्गजवळच्या आपेन या गावी राहायला गेल्या. मग लपवायचं काही कारण राहिलं नाही. बाखच्या मृत्यूला २५० वर्षं झाली त्या निमित्ताने स्टुटगार्टसाठी त्यांनी 'योहानच्या शुभवर्तमानानुसार दुःखसहन' ही मोठी रचना केली, ती २००० मध्ये सादर झाली. तिच्यात शुभवर्तमानाच्या मजकुरात प्रकटीकरणाचा मजकूर विणलेला आहे, गायकवृंद आहेत, वाद्यवृंद आहे आणि ऑर्गनही आहे. २००२ मध्ये आली 'पांढऱ्या घोड्यावरचा स्वार', मोठा वाद्यवृंद आणि ऑर्गन. नाव थेट प्रकटीकरणातलं, उघड. १३ मार्च २०२५ रोजी आपेनमध्ये त्या वारल्या. वय ९३.

उघडपणे शब्द वापरण्याची मुभा मिळाल्यावर त्यांनी शब्द भरपूर वापरले, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या काही शब्दांच्या विरोधात नव्हत्या.

आता पुन्हा बेळगाव. पवित्र सप्ताहात गुरुवारच्या मिस्साला ग्लोरिया झाला की आमच्याकडे ऑर्गन थांबतो. ईस्टरच्या जागरणातल्या ग्लोरियापर्यंत तो एकटा वाजत नाही. लागलाच तर फक्त गाण्याला आधार म्हणून. गुड फ्रायडेला मी कीबोर्डवर कापड टाकून बाकावर बसते. यंदा त्या शांततेत बसून मला वाटलं, गुबाइदुलिनांनी नेमकं उलटं केलं. जिथे वाद्यच नसतं अशा चर्चमधल्या बाईने, जिथे देवाचं नावच नसतं अशा देशात, ऑर्गनलाच क्रूसाबद्दल बोलायला लावलं. आमच्याकडे ऑर्गन गप्प बसून शोक करतो, त्यांच्याकडे तो बोलून करतो. मला यातलं एक बरोबर आणि एक चूक वाटत नाही.

आणि आजीच्या मिस्साचं काय? वाचनं संपल्यावर, कम्युनियन चालू असताना, मी काही न ठरवता दोन सूर धरून ठेवले होते. नंतर हळूहळू एक खाली आणला, एक वर नेला. तेव्हा मला 'इन क्रोचे' माहीतही नव्हती. राग होता आणि बोटं हलत होती, एवढंच. संध्याकाळी गोव्याचे काका म्हणाले, "ते शेवटचं वाजवलंस ना, तेव्हा मला आई दिसली." माझ्या आजीला ते आई म्हणायचे, आणि हे वाक्य त्यांनी माझ्याशी मराठीत बोलले होते. आदल्या रात्री ते एकही वाक्य मराठीत बोलले नव्हते.

मराठी वाचन झालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. सुरांनी ते भरून निघालं असं मी म्हणणार नाही. पण जिथे आम्ही शब्द वाटून घेत भांडलो, तिथे एक जागा अशी होती जी कुणीच मागितली नव्हती, आणि आम्ही सगळे तिथे थोडा वेळ एकत्र बसलो.

ऐकायचं असेल तर हेडफोन लावून ऐका, आणि समोर कागदावर ती फुली काढून ठेवा. दोन रेघा जिथे भेटतात तिथे बंद करावंसं वाटेल. मीही केलं होतं. तुम्ही करू नका. पुढच्या बैठकीत भेटू तेव्हा मला सांगा, ओलांडून गेल्यावर काय ऐकू आलं.